लिझी मगीचं चरित्र वाचताना पट उघडा ठेवा

व्यापाराचा डबा कधीच पाहिला नाही असा मुंबईकर मिळणं कठीण. मे महिन्याच्या सुट्टीत चाळीच्या गॅलरीत मांडलेला, पावसाळ्यात पुठ्ठ्याला फुगवटा आलेला, नोटा हरवल्या म्हणून वहीच्या कागदावर शंभर-पाचशे लिहून भर घातलेला. डब्यावर शहरांची नावं असतात, किती जणांनी खेळायचं ते असतं, बनवणाऱ्याचा पत्ताही असतो. खेळ कोणी रचला हे मात्र कुठेच नसतं.

ज्याच्यावरून आपला व्यापार उतरला, त्या अमेरिकी मोनोपॉलीच्या डब्यात कर्त्याचं नाव होतं, पण चुकीचं. फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागातला चार्ल्स डॅरो, महामंदीत नोकरी गेलेला हीटर-विक्रेता, त्याने घरी बसून हा खेळ शोधला आणि लखपती झाला, ही गोष्ट कित्येक दशकं लोकांनी खरी मानली. मेरी पायलन यांचं ‘द मोनोपोलिस्ट्स’ हे २०१५ सालचं पुस्तक ही गोष्ट उलगडतं आणि मागे जात, खेळ मुळात रचणाऱ्या एलिझाबेथ ऊर्फ लिझी मगी या बाईपर्यंत पोचतं. (आडनावाचा उच्चार मगी. मॅगी म्हटलं की आपल्याकडे शेवयाच डोळ्यांसमोर येतात.) पुस्तक चांगलं आहे, पण लिझीचं चरित्र म्हणून अपुरं. त्यात तीन आयुष्यं गुंफली आहेत: लिझी, डॅरो आणि सत्तरच्या दशकात कोर्टात लढणारे प्राध्यापक राल्फ ॲन्सपाख. लिझीच्या वाट्याला येतात तेवढ्या पानांत घटना भरपूर आहेत, पण ती विचार कसा करायची हे हवं तितकं उमगत नाही.

ते हवं असेल तर तिचे नियम वाचायला हवेत. खेळ रचणाऱ्याच्या चरित्राची हीच गंमत आहे. कवीचं चरित्र कविता बाजूला ठेवूनही काही अंशी वाचता येतं. खेळ रचणाऱ्याचं मात्र पट मांडल्याशिवाय कळत नाही, कारण नियम वाचणं वेगळं आणि ते चार जणांत चालवणं वेगळं. म्हणून या लेखात पुस्तकापेक्षा पुठ्ठा, फेव्हिकॉल आणि भाड्याच्या आकड्यांबद्दल जास्त आहे.

आधी आयुष्यातलं पटापुरतं पाहू. जन्म १८६६, इलिनॉय राज्यातलं मॅकोम्ब. वडील जेम्स मगी वृत्तपत्रवाले आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक. जमिनीवर कर लावा म्हणणारा अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज, त्याचं १८७९ सालचं ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ हे पुस्तक लिझीच्या हाती त्यांच्यामुळेच आलं. पुढे वॉशिंग्टनला डेड लेटर ऑफिसात, म्हणजे पत्ता न लागलेली पत्रं जिथे येतात त्या टपाल खात्यात, ती स्टेनो-टायपिस्ट होती. १८९३ मध्ये टाइपरायटरच्या रुळांमधून कागद सहज सरकावा म्हणून केलेल्या एका सुधारणेचं पेटंट तिने मिळवलं. हे वाक्य पुस्तकात भरकन निघून जातं, पण तिथे थांबायला हवं. दिवसभर कागदपत्रं हाताळणाऱ्या बाईने रचलेल्या खेळात गहाणखतं, कर्जाच्या चिठ्ठ्या आणि मक्त्याच्या सनदा येतात हा योगायोग कसा म्हणायचा?

तिच्या ‘लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाच्या पेटंटाचा अर्ज मार्च १९०३ चा, पेटंट ५ जानेवारी १९०४ चं, क्रमांक ७४८६२६. इंटरनेटवर हा क्रमांक टाकला की आकृती आणि मजकूर दोन्ही फुकट मिळतात. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या इकॉनॉमिक गेम कंपनीने खेळ छापला. त्याच वर्षी शिकागोत आठवड्याला १० डॉलर पगारावर राबताना तिने स्वतःलाच विक्रीला काढल्याची जाहिरात दिली, सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला ‘तरुण अमेरिकन गुलाम स्त्री’. बायकांना मिळणाऱ्या मजुरीवर मारलेला तो टोला होता आणि वर्तमानपत्रांनी तो देशभर पोचवला. हा प्रसंग बहुतेक वाचकांच्या लक्षात राहतो. खेळाच्या दृष्टीने त्यातला आकडा महत्त्वाचा आहे. आठवड्याला दहा डॉलर मिळवणाऱ्या बाईने पटावर मजुरी किती ठेवली? एका फेरीला १०० डॉलर. ती देणाऱ्या कोपऱ्याचं नाव ‘मदर अर्थ’, आणि त्यावरचा मजकूर सांगतो की धरणीमातेवर केलेल्या श्रमातून मजुरी निघते. आजच्या पटावर तिथे ‘गो’ आहे आणि २०० डॉलर आहेत. श्रम हा शब्द गेला. पैसे नुसते तिथून पुढे गेल्याबद्दल मिळतात.

दुसरे कोपरेही असेच बोलके आहेत. एका कोपऱ्यावर पाटी: आत येण्यास मनाई. आलात की तुरुंगात. ही जमीन एका परदेशी उमरावाची, म्हणजे ज्याने इथे कधी पाऊल टाकलेलं नाही अशा मालकाची. तुरुंगातून सुटायचं तर दोन्ही फाशांवर सारखं दान पडायला हवं, नाही तर ५० डॉलर दंड. उरलेल्या कोपऱ्यात सार्वजनिक बाग आणि अनाथ-गरिबांचं घर शेजारीशेजारी. पैसे संपले की सोंगटी तिथे. आजच्या ‘फ्री पार्किंग’चं मूळ त्या बागेत आहे.

हा पट करून पाहायचा असेल तर फार काही लागत नाही. ४० चौकोन: चार कोपरे आणि प्रत्येक बाजूला नऊ. कोपरा ७ सेंमी आणि मधला चौकोन ४ सेंमी रुंद धरला, तर बाजू ७ + ३६ + ७ = ५० सेंमी होते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर २ मिमी जाडीचा राखाडी पुठ्ठा मिळतो. तिथेच २५ × ५० सेंमीचे दोन तुकडे कापून घ्या. घरी कटरने २ मिमी पुठ्ठा सरळ कापणं वाटतं तितकं सोपं नाही. पट्टी सरकते आणि धार तिरकी जाते.

छपाई चार भागांत करा, प्रत्येक २५ × २५ सेंमी. हा भाग ए-४ वर मावत नाही, त्याची रुंदी २१ सेंमीच असते. ए-३ वर मावतो. झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ बंद करून शंभर टक्के मापाने काढायला सांगा. न सांगितल्यास मशीन तीन-चार टक्के आकार घटवतं आणि चारही भाग जोडताना प्रत्येक सांध्यात सात ते दहा मिमीची फट पडते. घरच्या इंकजेटची शाई दमट हवेत आणि ओल्या गोंदावर पसरते, म्हणून लेझर छपाईच घ्या.

पट बिघडतो तो बहुतेक वेळा चिकटवताना. ओला कागद आधी ताणतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूला कागद लावला तर दुसऱ्या दिवशी पट परातीसारखा वाकलेला सापडतो. जुलैत तर हमखास. उपाय जुनाच आहे, बाइंडर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत: मागच्या बाजूलाही त्याच जाडीचा कागद, तितकाच गोंद लावून. चार चमचे फेव्हिकॉलला एक चमचा पाणी, त्याहून पातळ नको. जुन्या व्हिजिटिंग कार्डाने मधून कडेकडे पसरवा, कागद बसवा, वर बटर पेपर ठेवा आणि फडताळातली सगळ्यांत जाड पुस्तकं वर रचा. कोरड्या हवेत एक रात्र पुरते, पावसाळ्यात दोन लागतात.

दोन अर्धे जोडताना मागून कापडी बाइंडिंग टेप लावा आणि मध्ये ४ मिमी मोकळी जागा सोडा. पुठ्ठा २ मिमीचा, त्यामुळे मिटताना दोन्हींची जाडी मिळून ४ होते. जागा सोडली नाही तर छापील बाजू आत घेऊन पट मिटत नाही, आणि जोर केला की टेप सुटतो. घडी बरोबर बाजूच्या पाचव्या चौकोनाच्या मधोमध येते. तिथे रेल्वे असते. ४ मिमीने रेल्वे थोडी रुंद झाली तर कोणाची तक्रार नसावी.

पेटंटातला खेळ ठरावीक फेऱ्यांनंतर संपतो आणि तेव्हा ज्याच्याकडे सर्वाधिक संपत्ती तो जिंकतो. दिवाळं निघेपर्यंत खेळत राहण्याची अट नाही. पाच फेऱ्या ठरवा. दोन फाशांची सरासरी ७, म्हणजे एका फेरीला साधारण ५.७ दानं. चार जणांची पाच फेऱ्यांत ११४ दानं होतात. दर दानाला अर्धा मिनिट धरला तर तासाभरात खेळ आटोपतो. मोनोपॉली रात्री बारापर्यंत चालते, अशी ओरड करणाऱ्यांनी मूळ नियम एकदा वाचावा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लिझीने १९०४ च्या पेटंटातच दोन नियमसंच दिले होते, एक मक्तेदारीचा आणि एक न्यायाचा, असं सर्रास लिहिलं जातं. पेटंट वाचलं तर खेळाचा हेतू एकच दिसतो, होईल तितकी संपत्ती जमवणं. सगळ्यांची भरभराट व्हावी असा दुसरा खेळ पुढच्या छापील आवृत्त्यांत येतो. १९३२ च्या आवृत्तीच्या तर नावातच ‘प्रॉस्पेरिटी’ आहे. त्यात भाडं सार्वजनिक तिजोरीत जातं. तिजोरी भरत गेली की वीज आणि वाहतूक लोकांच्या मालकीची होते, तुरुंगात धाडणाऱ्या कोपऱ्यावर मोफत कॉलेज उभं राहतं, मजुरी वाढते. सगळ्यांत गरीब खेळाडूचं भांडवल दुप्पट झालं की खेळ संपतो आणि सगळेच जिंकतात.

मग हा दुसरा खेळ गेला कुठे? पुस्तकाचा भर चोरीवर आहे आणि चोरी झालीच. लिझीचा पट डेलावेअरमधल्या आर्डन या एककरवाद्यांच्या (बाकी कर काढून फक्त जमिनीवर कर लावा म्हणणाऱ्या हेन्री जॉर्जच्या अनुयायांच्या) वसाहतीत खेळला गेला, तिथून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या स्कॉट निअरिंगच्या विद्यार्थ्यांकडे, आणि हातोहात उतरवला जात अटलांटिक सिटीच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींकडे. त्यांनी त्यावर आपल्या गावातल्या रस्त्यांची नावं घातली. चार्ल्स टॉड नावाच्या गृहस्थाने डॅरोला खेळ शिकवला. ‘मार्व्हन गार्डन्स’ लिहिताना टॉडच्या पटावर ‘मार्व्हिन’ झालं होतं. डॅरोच्या पटावर तीच चूक, आणि पुढे लाखो डब्यांवर तीच. परीक्षेत शेजाऱ्याच्या चुकीच्या स्पेलिंगसकट कॉपी करणारा पोरगा जसा पकडला जातो, तसंच हे झालं.

पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने १९३५ मध्ये डॅरोकडून खेळ घेतला आणि त्याच नोव्हेंबरात लिझीचं पेटंट ५०० डॉलरला विकत घेतलं, रॉयल्टी नाही. पण कुठलं पेटंट? अमेरिकी पेटंटाची मुदत तेव्हा मंजुरीपासून १७ वर्षं होती. १९०४ चं १९२१ मध्ये संपलं होतं. तिने १९२४ मध्ये सुधारित पटाचं दुसरं पेटंट घेतलं होतं आणि ते १९४१ पर्यंत जिवंत होतं. कंपनीला वाटेतून हटवायचं होतं ते हे दुसरं. चरित्रात पेटंटाचं साल दिसलं की १७ मिळवून कडेला पेन्सिलीने लिहून ठेवावं, व्यवहारांची अर्धी कारणं तिथेच सापडतात. जानेवारी १९३६ मध्ये लिझीने वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांना मुलाखती देऊन, आपले पट दाखवून, खेळ आपला असल्याचं सांगितलं. तरी डब्यातली गोष्ट बदलली नाही. १९४० च्या जनगणनेत तिने धंद्याच्या रकान्यात खेळ बनवणारी असं लिहवलं आणि उत्पन्न शून्य. १९४८ मध्ये ती वारली.

हे सगळं उजेडात आलं ते ॲन्सपाख यांच्या ‘अँटी-मोनोपॉली’ या खेळावर दावा झाला म्हणून. १९७३ मध्ये त्यांनी खेळ बाजारात आणला. खालच्या कोर्टाचा निकाल विरुद्ध गेल्यावर १९७७ मध्ये त्याचे सुमारे ४०,००० डबे मिनेसोटातल्या मँकेटो इथे कचऱ्याच्या भरावात पुरले गेले. पण आपल्या बाजूचे पुरावे शोधताना त्यांनी डॅरोच्या आधी हा खेळ खेळलेले म्हातारे गाठले, त्यांचे हाताने रंगवलेले पट कोर्टापुढे आणले. १९८२ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. खेळ रचणाऱ्यांच्या चरित्रांचा कच्चा माल बरेचदा असा खटल्यांतून येतो. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कल्पित पात्रं होऊन खेळायच्या खेळाचंही तेच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या त्याच्या दोन कर्त्यांत कोणाचं काय, हा वाद १९७९ मध्ये कोर्टात गेला आणि १९८१ मध्ये मिटला. खटल्याची कागदपत्रं नेमकी असतात खरी, पण ती मालकी कोणाची एवढंच विचारतात. आपल्याकडे सापशिडीचा कर्ता विचारला की ज्ञानेश्वरांचं नाव घेतात आणि मोक्षपटाकडे बोट दाखवतात. त्याला आधार परंपरेचा. दावा कोणी लावला नाही म्हणून भांडणही नाही आणि कागदही नाही.

चोरी मान्य करूनही प्रश्न उरतोच. डॅरोच्या हाती पडायच्या कितीतरी आधी, तीस वर्षांच्या हातोहात प्रवासात, तिजोरीचा खेळ गळून गेला होता आणि मक्तेदारीचा टिकला होता. तिजोरीचा खेळ कोणी चोरला नव्हता. तो का गळला हे पानांत सापडत नाही, पटावर सापडतं. त्यासाठी पुढचा प्रयोग. आकडे अमेरिकी मोनोपॉलीचे घेतले आहेत. व्यापाराच्या डब्यांमध्ये किमती वेगवेगळ्या असतात, पण रीत तीच.

हेन्री जॉर्जचं म्हणणं असं: इमारत मालकाने बांधली, तिचं भाडं त्याचं. जमिनीची किंमत मात्र आजूबाजूच्या माणसांमुळे वाढते, ती वाढ सगळ्यांची. मुंबईकराला हे समजवायला अर्थशास्त्र लागत नाही. गिरणीच्या जागेचा भाव तिथल्या मालकाने घाम गाळून वाढवला, असं परळमध्ये कोणी म्हणणार नाही. आपल्या रेडी रेकनरमध्ये खुल्या जमिनीचा दर आणि बांधलेल्या सदनिकेचा दर वेगवेगळ्या रकान्यांत असतात, म्हणजे सरकारदरबारी ही फोड रोज होते. महापालिकेचा मालमत्ता कर मात्र २०१० पासून भांडवली मूल्यावर आहे, त्यात जमीन आणि बांधकाम एकत्रच येतं.

पटावर जागेचं मोल कुठून येतं? तुरुंगातून. सोंगट्या सगळ्यांत जास्त तिथे जमतात आणि तिथूनच पुढे निघतात. नारिंगी रंगाचे तीन रस्ते तुरुंगापासून ६, ८ आणि ९ चौकोनांवर आहेत. ३६ पैकी ६ चं दान ५ प्रकारे पडतं, ८ चं ५, ९ चं ४. मिळून १४, म्हणजे सुटणारा दर पाच-सहा दानांत दोनदा नारिंगीवर येतो. दादर स्टेशनचा जिना जिथे उतरतो तिथल्या दुकानाचं जे नशीब, तेच याचं.

आता भाड्याची फोड. बहुतेक जण प्रयोग करताना इथेच फसतात: सगळं भाडं तिजोरीत टाकतात. मग कोणी घरं बांधतच नाही, कारण बांधून मिळणार काय? दोन फेऱ्यांत पट ओस पडतो आणि लिझीचा खेळ कंटाळवाणा आहे असा शेरा मारून डबा बंद होतो. उलट चूक म्हणजे फक्त मोकळ्या जागेचं छापील भाडं तिजोरीत टाकणं. नारिंगीतल्या न्यूयॉर्क ॲव्हेन्यूचं मोकळं भाडं १६, तीन घरांसकट ६००. सोळा डॉलर गेले काय आणि राहिले काय.

कारण असं की जागेचं मोल घरांच्या भाड्यातच लपलेलं आहे. सगळ्यांत स्वस्त मेडिटरेनियन ॲव्हेन्यूवर घर ५० ला पडतं, हॉटेलपर्यंतचे पाच टप्पे २५० ला, आणि हॉटेलचं भाडं २५०. सगळ्यांत महाग बोर्डवॉकवर टप्पा २०० चा, पाच टप्पे १०००, भाडं २०००. विटा त्याच, पण एकीकडे डॉलरमागे एक मिळतो आणि दुसरीकडे दोन. तो वरचा एक जागेचा.

म्हणून नियम असा करा: एका वेळच्या भाड्यातून मालकाने त्या रस्त्यावर बांधकामाला घातलेल्या रकमेइतकं भाडं मालकाचं, त्यावरचं तिजोरीचं. बोर्डवॉकचं हॉटेल: १००० मालकाला, १००० तिजोरीला. न्यूयॉर्कवर तीन घरं: ३०० मालकाला, ३०० तिजोरीला. मेडिटरेनियनवर तीन घरं: खर्च १५०, भाडं ९०, सगळंच मालकाचं, तिजोरीला काही नाही. सगळ्यांत टाकाऊ जमिनीला खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, सुटत नाही, हे अर्थतज्ज्ञ रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलं होतं. इथे ते जागेच्या कार्डावरच्या बेरीज-वजाबाकीतून आपोआप बाहेर पडतं. आणि मोकळ्या जागेवर खर्च शून्य, म्हणून तिचं सगळं भाडं तिजोरीत. जागा अडवून बसण्यात अर्थ उरत नाही. न्यूयॉर्कवर एक घर बांधलं तर खर्च १००, भाडं ८०, पूर्ण मालकाचं. बांधा, नाही तर सोडा.

तिजोरीतून आधी वीज आणि पाणी कंपन्या घ्यायच्या, प्रत्येकी १५०, मग चार रेल्वे प्रत्येकी २००. एकूण ११००. कोणाच्या मालकीच्या असतील तर त्याला ती किंमत चुकती करा. त्यानंतर तिथे भाडं नाही. पुढे तिजोरीत दर २०० जमले की सगळ्यांची मजुरी १० ने वाढवा आणि ते २०० बँकेत परत टाका.

खेळ दोनदा खेळा, एकदा नेहमीसारखा आणि एकदा असा, आणि दोन्ही वेळा ताळेबंद ठेवा. ‘गो’ ओलांडताना प्रत्येकाची रोकड, जागांची खरेदी किंमत आणि बांधकामाचा खर्च यांची बेरीज चार रकान्यांच्या वहीत. सुरुवातीला प्रत्येकी १५००. आठव्या फेरीनंतर सर्वांत श्रीमंताला सर्वांत गरिबाने भागा आणि दोन खेळांचे आकडे शेजारी ठेवा. दोन गोष्टी सक्तीने पाळायच्या. फ्री पार्किंगवर दंडाचे पैसे साठवून जो येईल त्याला द्यायचे नाहीत, त्याने फुकटचा पैसा पटावर येतो आणि तुलना बिघडते. आणि कोणी जागा नाकारली तर बँकेने लगेच लिलाव करायचा. हा नियम पुस्तिकेत असतो आणि घराघरांत गाळला जातो. जागा बेवारस राहतात, खेळ लांबतो आणि दोष मोनोपॉलीला.

तिजोरीचा खेळ चालतो, पण चालवणाऱ्याचा जीव घेतो. प्रत्येक भाड्याला वजाबाकी. तिजोरी कोणाच्या हातात हा वाद. ‘अगं ताई, माझं भाडं राहिलं’ म्हणेपर्यंत पुढच्याने फासे टाकलेले असतात, आणि आता त्यातला तिजोरीचा वाटा कोणी काढायचा? शिवाय शेवट संथ आहे. मजुरी २००, भाडी इकडून तिकडे बरोबरीने फिरली असं धरलं तर गरिबाचे १५०० चे ३००० व्हायला सात-आठ फेऱ्या, चौघांची मिळून १८० च्या आसपास दानं, दीड तास. त्या दीड तासात कोणी कोणाला बुडवत नाही. मक्तेदारीच्या खेळात एका दानावर माणूस रस्त्यावर येतो आणि सगळी गॅलरी ओरडते.

जो खेळ छापील पुस्तिकेशिवाय, हाताने उतरवलेल्या पटांवरून आणि तोंडी नियमांवरून पसरतो, त्यात हिशेबाचे नियम आधी गळतात आणि ओरडण्याचे राहतात. क्वेकर मंडळींनी तर लिलावही काढून ठोक किमती घातल्या. लिझीचा खेळ चोरीला जाण्याआधी तिच्याच चाहत्यांनी सोपा करून टाकला होता, असं माझं मत आहे. पायलन यांचं पुस्तक याच्या जवळ येतं आणि पुढच्या खटल्याकडे वळतं.

वरच्या प्रयोगातही एक भोक राहतं. मोनोपॉलीच्या डब्यात घरं ३२ आणि हॉटेलं १२. बावीस रस्त्यांवर चार-चार घरं म्हटलं तर ८८ हवीत. म्हणून मुरलेला खेळाडू हॉटेल घेतच नाही. दोन रंगांचे सहा रस्ते धरतो, प्रत्येकावर चार घरं ठेवतो, २४ घरं अडकवून बसतो आणि उरलेल्या आठांसाठी बाकीचे भांडत राहतात. ही टंचाई जमिनीची नाही, मोजून दिलेल्या बांधकामाची आहे. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल याची मर्यादा, माहीत असलेल्याला जास्त सांगायला नको. वरच्या फोडीत तो नफा तिजोरीच्या हाती पूर्ण लागत नाही, कारण अडवणाऱ्याला भाड्याइतकाच फायदा दुसऱ्यांना बांधू न देण्यात असतो. त्यावर उपाय साधा आहे. डब्यातली घरं बाजूला ठेवा आणि चिंचोके वापरा. ८८ मोजून वाटीत ठेवले की बास. पाचवा टप्पा आला की चार चिंचोके उचलून एक कवडी ठेवायची, ते हॉटेल.